बावीस इंची नळी

माणसाला आयुष्यात स्वतःच्या अकलेनं निवडता येतील अशा गोष्टी फार थोड्या. आईबाप निवडता येत नाहीत, गाव निवडता येत नाही, धर्म पाळण्यातच मिळतो आणि बायको बहुधा आपल्याला निवडून मोकळी झालेली असते. बंदुकीची नळी मात्र पुरुषानं स्वतः निवडावी, आणि अशी निवडावी की मरताना पश्चात्ताप होऊ नये.

हा विचार नॉर्मंड डेगलचा. तो त्यानं थोरल्या भावाच्या स्वयंपाकघरात, कुट्टूच्या धिरड्याचा घास काकवीत बुडवता बुडवता मांडला. त्यातली थोडी काकवी कॅटलॉगातल्या सव्वीस इंची स्टेनलेस नळीच्या रंगीत चित्रावर सांडली.

"पूस ते," रोझेर म्हणाला.

"पुसतो. आधी नळी बघ. हजार यार्डांवरची बशी फोडते म्हणतात."

"आपल्याकडे हजार यार्ड मोकळी जागा आहे कुठं?"

नॉर्मंडनं विचार केला. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या उत्तर टोकाला बटाट्याची शेतं संपली की जंगल सुरू होतं, आणि जंगलात चाळीस पावलांवरचा माणूस दिसायचा तर त्याला खोकावं लागतं.

"लेवेकचं शेत," तो शेवटी म्हणाला.

"त्यात मूस येत नाही. आला तर लेवेक आपल्याला येऊ देणार नाही."

"मी तत्त्वाची गोष्ट सांगतोय."

"तत्त्व सव्वीस इंच लांब आहे. झाडांत अडकेल."

नॉर्मंडनं बोट चाटलं आणि पान उलटलं. पुढच्या पानावर चोवीस इंची होती.

रोझेर सहासष्ट वर्षांचा. अडतीस वर्षं त्यानं सेंट जॉन नदीच्या खोऱ्यातल्या तळघरांमधल्या तेलावरच्या भट्ट्या दुरुस्त केल्या होत्या. लोकांचे दिवाणखाने त्याला फारसे ठाऊक नव्हते, पण कुणी तळघरात काय दडवलंय हे पाद्रीबाबांपेक्षा त्याला जास्त माहीत होतं. जानेवारीत घर तापवणारी भट्टी बंद पडली की माणसं आधी देवाला हाक मारत आणि मग रोझेरला फोन करत. पोचायचा रोझेर.

त्या भट्टीच्या तोंडाशी अंगठ्याच्या पेराएवढं एक पितळी नोझल असतं. त्याच्या आत बारीक खाचा असतात. त्या तेलाला पीळ देतात, म्हणून तेल गरगरत बाहेर पडतं आणि नीट पेटतं. कुठल्या भट्टीला कुठलं नोझल, हे ठरवायला रोझेरला अडतीस वर्षांत कधी दोन मिनिटांहून जास्त लागली नव्हती. रायफलच्या नळीतही खाचाच असतात आणि त्या गोळीला पीळ देतात. ही निवड मात्र सहा आठवडे चालली होती, आणि अजून चोवीस इंचावरच घोडं अडलं होतं.

याला कारण सोडत.

मूस मारायचा परवाना त्या राज्यात मागून मिळत नाही, सोडतीत लागतो. घोड्याहून उंच, पाच-सहा पोत्यांच्या वजनाचा तो सांबराच्या जातीचा प्राणी. एक मारला की दोन घरांचा हिवाळा निघतो. म्हणून हजारो लोक दर वर्षी अर्ज भरतात, आणि जूनमध्ये कुठल्यातरी शाळेच्या मोठ्या खोलीत नावं मोठ्यानं वाचली जातात. रोझेर एकोणतीस वर्षं अर्ज भरत होता. अर्जावर दोन ओळी असत. पहिली परवाना ज्याचा त्याची, दुसरी जोडीदार शिकाऱ्याची. परवाना एक, मूस एक, दिवस सहा, माणसं दोन. दोघांतल्या कुणीही मारावा.

पहिल्या वर्षी तो दुसऱ्या ओळीपाशी थबकला, तेव्हा त्याची बायको क्लोडेट भांडी विसळत होती. ती मागं न बघता म्हणाली, "माझं लिही."

"तू बंदूक तरी धरलीयस का कधी?"

"नाही. मी गाडीत बसून विणीन. मूस आला की हॉर्न वाजवीन. माझं लिहिलं नाहीस तर तू नॉर्मंडचं लिहिशील, आणि आठवडाभर मला त्याच्यासाठीही डबा करावा लागेल."

तेव्हापासून दुसऱ्या ओळीत दर वर्षी क्लोडेट डेगल. शेवटचे दोन अर्ज भरले तेव्हा ती हयात नव्हती. रोझेरनं तरी तेच नाव लिहिलं. हाताला सवय, असं त्यानं सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

आणि या जूनमध्ये त्याचं नाव लागलं. नॉर्मंड हॉर्न वाजवत दारापर्यंत आला, आणि चार दिवसांनी शिकार खात्याचं पत्र आलं. पत्रात दोघा शिकाऱ्यांचं अभिनंदन होतं. सोबत एक फॉर्म होता: जोडीदार शिकारी बदलायचा असल्यास ऑगस्टअखेर कळवावं, बदलाचं कारण लिहावं. बदलला नाही तर रोझेरला एकट्यानं जावं लागणार, आणि एकट्या माणसाला मूस मारता येतो, जंगलातून बाहेर काढता येत नाही. म्हणजे त्या नावावर काट मारायची किंवा एकोणतीस वर्षांनी लागलेली सोडत घरी बसून काढायची, एवढाच हिशेब होता.

रोझेरनं फॉर्म फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावला आणि रायफल आणायला तळघरात उतरला. तेलाच्या टाकीमागून त्यानं खोळ बाहेर ओढली, उघडली, आणि पायरीवर बसला. आतली रायफल, बोल्ट मागं ओढून एकेक गोळी सारायची साधी रायफल, एक्क्याऐंशी साली घेतलेली, गंजून विटेच्या रंगाची झाली होती.

त्या दिवसापासून घरात नळीचा विषय निघाला तो निघालाच. नळीवर बोलणं चालू असलं की फॉर्मवर बोलावं लागत नाही, ही सोय दोन्ही भावांच्या एकदमच लक्षात आली होती. जोडीदार म्हणून आपल्याला घे, असं नॉर्मंड एकदाही म्हणाला नाही. त्याऐवजी तो कॅटलॉग आणत राहिला.

*

व्हर्ना हचिन्स कोंबड्यांच्या खुराड्यामागच्या शेडमध्ये बंदुका दुरुस्त करते. वय त्र्याहत्तर. खोऱ्यातल्या फ्रेंच कॅथलिकांत राहणारी ती इंग्रज बाई. तिच्याविरुद्ध गावाची एकच तक्रार आहे, की ती बोलते ते खरं निघतं. शेडसमोर टोमॅटोची बारा रोपं होती आणि प्रत्येक रोप एकेका बाद झालेल्या बंदुकीच्या नळीला बांधलेलं होतं.

तिनं नळीत एक बारीक, लवचीक कॅमेरा सारला. भिंतीवरच्या पडद्यावर काळे-तांबडे खड्डे दिसू लागले.

"हे काय?" रोझेरनं विचारलं.

"तुझी नळी."

"मला लेवेकचं धुराडं वाटलं."

"धुराडं साफ करता येतं." तिनं कॅमेरा पुढं सरकवला. "पुढंही हेच. भिजलेली ठेवलीस ना?"

"हो."

"लोकरीचं अस्तर असलेल्या खोळीत."

"हो."

"तळघरात."

रोझेर पडद्यावरचे खड्डे मोजू लागला.

"टाकीच्या भिंतीला काही टेकवून ठेवू नकोस, हे माझ्या तळघरात उभं राहून तू मला चार वेळा सांगितलंयस," व्हर्ना म्हणाली. "माझ्या आईचं शिवणाचं मशीन तू स्वतः उचलून वर आणलंस. वर मला लेक्चर दिलंस, ओल कशी धरते याचं."

"दिलं."

"मग?"

"घाईत होतो," रोझेर म्हणाला.

व्हर्नानं पडद्यावरची नजर काढली नाही, पण कॅमेरा थांबला. कुठल्या नोव्हेंबरातली घाई, हे तिला कळायला वेळ लागला नाही. खोऱ्यात ते सगळ्यांना ठाऊक होतं. ओला बर्फ पडत होता, रोझेर हरणाच्या मागावर होता, आणि नॉर्मंड लाकूडतोड्यांच्या रस्त्यावर गाडी उभी करून हॉर्नवर हात दाबून बसला होता. क्लोडेट कपडे धुवायच्या मशीनपाशी पडली होती. रोझेरनं पाणी निथळणारी रायफल खोळीत घातली, चेन ओढली आणि इस्पितळ गाठलं. तिथून तो तिसऱ्या दिवशी घरी आला. त्या दिवशी किंवा पुढच्या दोन वर्षांत खोळ उघडायचं काही कारण पडलं नाही.

व्हर्नानं पडदा बंद केला.

"बोल्ट चांगला आहे, मधला भाग वरून घासून निघेल, लाकूडही ठीक. नळी बदलायची. मला तीन गोष्टी सांग: लांबी किती, पीळ किती, जाडी किती. चौथं काही विचारू नकोस."

"नॉर्मंड म्हणतो स्टेनलेस. जाड. सव्वीस इंच."

"नॉर्मंड काय मारणार आहे? रेल्वे?"

"त्याचं म्हणणं, लांब पल्ल्याला बरी."

"जाड नळी घेतलीस तर रायफल दोन पौंडांनी जड होईल. तुझ्या गुडघ्यांना विचार. शिवाय लाकडातली खाच मला कोरून रुंद करावी लागेल, आणि जुन्या लाकडाला मी हात लावत नाही. ते सूड उगवतं." तिनं हात पुसले. "काडतूस तेच ठेवायचं?"

"तेच."

"मग पीळ दहा इंचांत एक वेढा. ते झालं. जाडी, होती तशी. तेही झालं. लांबी तू ठरव, म्हणजे तुला काहीतरी ठरवल्यासारखं वाटेल."

तो निघाला तेव्हा तिनं दारातून सांगितलं, "आणि ती खोळ फेकून दे, रोझेर. रायफल त्या खोळीनं खाल्लीय."

"बरं," रोझेर म्हणाला. भट्टी दर वर्षी साफ करून घ्या असं तो सांगे तेव्हा लोक ज्या आवाजात बरं म्हणत, त्याच आवाजात.

*

नळ्या बनवणारा कारखाना दूर पश्चिमेला होता. फोनवरचा माणूस तरुण आणि नम्र होता आणि त्याच्याकडे प्रश्नांची यादी होती.

"साधारण किती अंतरावर झाडता साहेब?"

"झाड मधे येईपर्यंत."

"म्हणजे यार्डांत?"

"चाळीस. पन्नास धरा."

"आणि वर्षाला किती गोळ्या?"

"तीन."

"तीन हजार."

"तीन."

पलीकडची कीबोर्डची खाटखूट थांबली.

"एक उन्हाळ्यात, नेम बघायला," रोझेरनं समजावलं. "एक हरणाला. एक खिशात असते."

"म्हणजे दोनच झाल्या साहेब."

"झाल्या दोन. पण खिशातली धरावी लागते."

"आमची नळी पाच हजार गोळ्यांपर्यंत नेम सोडत नाही," तो माणूस जरा सावरून म्हणाला. "म्हणजे तुम्हाला..."

"अडीच हजार वर्षं," रोझेर म्हणाला. "पुरेल."

पण नळी मापानं करून हवी तर सोळा आठवडे लागणार होते, आणि तोवर नदी गोठली असती. तयार माल? त्या काडतुसाच्या, त्या पिळाच्या दोनच नळ्या फडताळावर शिल्लक होत्या. एक चोवीस इंची. दुसरी बावीस इंची, साध्या पोलादाची, बारीक, काही नक्षीकाम नसलेली. "ती हल्ली कुणी मागवत नाही," तो माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात माफी मागितल्यासारखं काहीतरी होतं.

संध्याकाळी नॉर्मंड आला तो निकाल घेऊनच. सव्वीस हातची गेली याचं दुःख त्यानं रस्त्यात उरकलं होतं.

"चोवीस घे. डोळे मिटून घे. दोन इंचांनी गोळीचा वेग किती वाढतो माहितीय?"

"मूसला कळेल का?"

"मूसला नाही कळणार, तुला कळेल. रायफल आयुष्यात एकदा नवी होते. बाबांच्या बंदुकीला जे करता आलं नाही ते तुझ्या रायफलला करू."

बाबांची बंदूक नॉर्मंडकडेच होती. जुनी, आखूड, खालची कडी खालीवर करून गोळी भरायची. तिची नळी बदलणं सोडाच, गेल्या कित्येक वर्षांत त्यानं ती आतून पुसलीही नव्हती. नळ्यांवरचं त्याचं सगळं ज्ञान दुसऱ्यांच्या बंदुकांसाठी होतं.

रोझेर उठला, खणातून मोजपट्टी काढली आणि खुंटीवरची खोळ टेबलावर पसरली.

"रायफल मोज की. खोळ काय मोजतोस?" नॉर्मंड म्हणाला.

रोझेर मोजत राहिला. खोळ क्लोडेटनं एका नाताळात शिवली होती. बाहेरून तपकिरी जाड कापड, आतून तिच्याच जुन्या कोटाचं लोकरी अस्तर. शेवटच्या वीतभरात तपकिरी दोरा संपला, गावातलं दुकान बंद होतं, म्हणून तिथं तिनं निळा घातला. "टोकाला कोण बघतंय," ती म्हणाली होती. पुढची कितीतरी वर्षं रोझेर खोळ उघडताना पहिल्यांदा तेच टोक बघत आला होता, कारण चेन तिथूनच सुरू होई.

"त्रेचाळीस," तो म्हणाला. "बावीस इंची नळीला रायफल बेचाळीस होते. चोवीस घेतली तर इंचभर बाहेर."

"मग नवी खोळ..."

नॉर्मंडनं वाक्य तिथंच सोडलं. बोलताना मधेच थांबण्याची त्याला सवय नसल्यानं तोंड थोडा वेळ उघडंच राहिलं. फ्रिज घरघरला आणि त्याच्यावरचा फॉर्म हलल्यासारखा वाटला.

"तसं बघितलं तर," नॉर्मंड कॅटलॉग मिटत म्हणाला, "बावीस इंची आपल्या जंगलात वळायला बरी. मी म्हणतच होतो."

"कधी म्हणालास?"

"मनात."

*

ऑगस्टच्या एकोणतीस तारखेला रोझेरनं फॉर्म खाली काढला. जुन्या जोडीदाराचं नाव लिहिलं. नव्या जोडीदाराचं लिहिलं. बदलाच्या कारणासाठी छापलेल्या तीन ओळींत काय लिहावं, याचा त्यानं कॉफी थंड होईपर्यंत विचार केला. मग पहिल्या ओळीत लिहिलं, "ती येऊ शकत नाही." उरलेल्या दोन ओळी मोकळ्या राहिल्या.

पाकीट पोस्टात टाकून त्यानं भावाला फोन केला.

"आठवडाभर डबा तुझा," तो म्हणाला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कसला डबा आणू?" नॉर्मंडनं विचारलं.

"क्लोडेट करायची तसलं काही आणू नकोस. तुला जमणार नाही."

सप्टेंबरच्या शेवटी व्हर्नानं रायफल परत दिली. नवी नळी जुन्या लाकडात अशी बसली होती की बदललेलं फक्त व्हर्नाला आणि रोझेरला कळावं. तिनं खुराड्यामागच्या बांधावर चार गोळ्या झाडून वरची नेमाची दुर्बीण जुळवून दिली होती. कागदावर एक भोक जरा बाजूला होतं आणि पुढची तीन एका नाण्याखाली झाकतील अशी होती.

"आता तू झाड. तुझी नेम बघायची एक असते ना वर्षाला?"

रोझेरनं कागद उजेडात धरला. इतकी जवळ भोकं त्यानं उभ्या जन्मात पाडली नव्हती.

"कशाला बिघडवू," तो म्हणाला.

जुनी नळी व्हर्नानं वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या काखेत दिली. "टोमॅटोला लाव. खोळ फेकलीस?"

"बघतो."

"रोझेर."

"रात्री उघडीच ठेवीन रायफल. कपाटात. खोळ फक्त गाडीतून नेताना."

लोकांच्या तळघरात तो स्वतः ग्राहकांकडे बघे तशी व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली आणि आत गेली.

*

ऑक्टोबरातल्या त्या आठवड्याचे पहिले चार दिवस नॉर्मंड बोलला आणि मूस आला नाही. या दोन गोष्टींचा संबंध रोझेरनं बोलून दाखवला नाही. डबा मात्र नॉर्मंडनं नेमानं आणला. सोमवारी सँडविच, मंगळवारी सँडविच, बुधवारी त्याच्या बायकोला दया आली म्हणून डुकराच्या मांसाची वडी आणि पाव, गुरुवारी पुन्हा सँडविच.

शुक्रवारी उजाडता उजाडता त्यांनी लाकडं रचायच्या एका जुन्या मोकळ्या जागेत गाडी लावली. झिमझिम बर्फ होता. नॉर्मंडनं खाली उतरून बाबांच्या बंदुकीत गोळ्या भरल्या. रोझेरनं खोळ मागच्या फळीवर ठेवली आणि आधी थर्मास उघडला.

"मी काय म्हणतो," नॉर्मंड म्हणाला, "पुढच्या वेळी..."

मग तो थांबला. या वर्षात दुसऱ्यांदा.

मूस मोकळ्या जागेच्या कडेला उभा होता. तो आला कुठून हे दोघांनाही दिसलं नव्हतं. जणू झाडांमधली एक काळी जागा पुढं सरकली होती. शिंगांवर ओला पाला लोंबत होता. तो गाडीकडे बघत होता, गाडी रस्त्यातून काढणार आहात की नाही, असं विचारल्यासारखा.

रोझेरनं कप खाली ठेवला. चेन धरली आणि ओढली. चेन वीतभर सरकली आणि थांबली.

त्यानं मागं घेतली, पुन्हा ओढली. ती तिथंच थांबली. नवी नळी, घासलेला बोल्ट, पुसून घेतलेली दुर्बीण, गंजाचा कण व्हर्नानं कुठं ठेवला नव्हता. चेनीचे दात मात्र दोन वर्षं त्याच ओलीत होते, आणि तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. त्या खडबडीत दातांनी आता अस्तरावरचा निळा दोरा तोंडात धरला होता आणि ते सोडत नव्हते.

"रोझेर," नॉर्मंड ओठ न हलवता म्हणाला.

"अडकलीय."

"ओढ जोरात."

"दोरा तुटेल."

नॉर्मंडनं एका हातानं पट्ट्यातला चाकू काढला आणि मुठीकडून भावापुढं धरला. "काप."

रोझेरनं चाकूकडे पाहिलं. मग खोळीकडे. दोऱ्याचे टाके तिरके होते. त्या नाताळात तिचा चष्मा हरवला होता.

"नाही."

"एकोणतीस वर्षं, रोझेर. काप ना."

"तू मार."

"परवाना तुझा आहे."

"जोडीदार तू आहेस. लेखी आहे. मार."

मूसनं मान फिरवली. नॉर्मंडनं चाकू बर्फात पडू दिला, बाबांची बंदूक खांद्याला लावली आणि एकदाच झाडली. मूस दोन पावलं चालला, काहीतरी विसरल्यासारखा उभा राहिला आणि मग गुडघ्यांवर, आणि मग कुशीवर गेला.

रोझेरनं टोपी काढली. नॉर्मंडनंही काढली, पण दुसऱ्या हातात बंदूक असल्यानं टोपी खाली पडली.

"मला वाटलं माझी चुकेल," तो म्हणाला.

"मलाही," रोझेर म्हणाला आणि त्याची टोपी उचलून दिली.

मूस गाडीत चढवायला कप्पी, दोरखंड आणि लाकडाच्या ट्रकमधून जाणारी चार अनोळखी माणसं लागली. शिकार नोंदवायच्या वजनाच्या नाक्यावर तो टांगला तेव्हा वहीवाल्यानं विचारलं, "कुणी मारला?"

"सोडत याची," नॉर्मंड भावाकडे बोट करून म्हणाला.

"सोडत नाही विचारली. मारला कुणी?"

"यानं मारला," रोझेर म्हणाला. "आमच्या वडलांच्या बंदुकीनं. एका गोळीत."

नॉर्मंड एकसष्ट वर्षांचा होता. थोरल्या भावानं चारचौघांत त्याचं कौतुक केल्याची ही पहिलीच खेप. त्यानं अंतर मोजल्याचं नाक्यावर सगळ्यांना सांगितलं. सत्तावीस पावलं.

घरी आल्यावर रोझेरनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोळ ठेवली. मेणबत्तीचा तुकडा घेऊन चेनीचे दात एकेक करून घासले, सुईच्या टोकानं निळा दोरा हळूहळू मागं काढला, आणि चेन एका ओढीत शेवटपर्यंत गेली. दोरा तुटला नाही. त्यानं रायफल बाहेर काढली, आतून-बाहेरून कोरडी केली, तेलाचा हात दिला आणि झोपायच्या खोलीतल्या कपाटात उभी केली. खोळ उलटी करून भट्टीपाशी वाळत घातली. भट्टीपासून तीन फूट अंतर ठेवून, जसं तो लोकांना सांगत आला होता.

जुनी नळी मागच्या अंगणात, क्लोडेटच्या वाफ्यात उभी आहे. तिला अजून काही बांधलेलं नाही. अर्धा मूस नॉर्मंडच्या फ्रीझरमध्ये गेला, अर्धा रोझेरच्या. मूस मारायला कुठली नळी घ्यावी यावर नॉर्मंड अजून गावात बोलतो. हल्ली तो बावीस इंचाच्या बाजूनं आहे.

त्या बावीस इंची नळीतून आजवर चार गोळ्या सुटल्या आहेत. चारही व्हर्नानं झाडलेल्या.